तो दात डायनासोरचा की पाकटाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत गेल्या आठवड्यात एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडील एका गावातील तरुणाने वावराच्या धुऱ्यावरून आणि शेजारच्या नाल्यातून गोळा केलेले काही तुकडे त्यात एका ताटलीत मांडलेले होते. ‘डायनासोरचा दात, मणका आणि महाकाय सर्पाची कात’ अशी ओळख त्याखाली छापली होती. त्या तरुणाच्या नजरेचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण नखाएवढ्या वस्तू मुरमातून वेचून काढणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. परंतु छायाचित्र भिंगाखाली धरून पाहिल्यावर माझी अशी समजूत झाली आहे की ताटलीत डायनासोर नाही, सर्प तर नाहीच. तेथे मासे आहेत, आणि एक तुकडा बहुधा पाकटाच्या (मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, चपट्या नातलगाच्या) जातकुळीचा आहे. ‘बहुधा’ हा शब्द मी जपून वापरत आहे. तो का वापरावा लागतो, हेच या पत्रात सांगायचे आहे.

प्रथम ‘सर्पाची कात’ पाहू. छायाचित्रातील चार तुकडे शंकरपाळ्याच्या आकाराचे, जाड आणि एका बाजूने चिनीमातीसारखे चकाकणारे दिसतात. सापाची कात ही केराटिनाची, म्हणजे आपल्या नखाच्या द्रव्याची, पातळ साल असते. ती सहसा दगडात टिकत नाही आणि टिकलीच तर अशी जाड व चकाकती होत नाही. हे तुकडे गार या माशाचे खवले असावेत. (गार म्हणजे आपली गारगोटी नव्हे, हे त्या माशाचे परदेशी नाव आहे आणि मराठीत त्याला दुसरे नाव नाही, कारण हा मासा आपल्याकडे आता राहिलेलाच नाही.) आजचे गार मासे फक्त उत्तर व मध्य अमेरिकेत आणि क्यूबात आढळतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मात्र वऱ्हाड-नागपूरच्या तळ्यांत आणि नद्यांत त्यांचे नातलग पोहत होते. रोहूचा किंवा मरळीचा खवला पातळ, गोलसर आणि वाकणारा असतो. गारचा खवला म्हणजे हाडाची फरशी, तिच्यावर गॅनॉइन नावाच्या कठीण द्रव्याचा मुलामा, आणि शेजारच्या खवल्यात अडकवायला बाजूला छोटीशी खुंटी. ही खुंटी सापडली, तर खवला ओळखायला सूक्ष्मदर्शकसुद्धा लागत नाही. मात्र गारच्या कोणत्या जातीचा, हे एका खवल्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी मुलाम्यावरील सूक्ष्म पुटकुळ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजाव्या लागतात, आणि तरीही उत्तर मिळेलच असे नाही.

मणक्याबाबत चूक होणे अगदी स्वाभाविक आहे. बहुतेक माशांचा मणका दोन्ही टोकांना खोलगट असतो आणि उभा चिरला तर डमरूसारखा दिसतो. एवढी खूण बाळगून हिंडणाऱ्या हौशी संग्राहकाला गारचा मणका हमखास चकवतो, कारण त्याचे पुढचे टोक फुगीर आणि मागचे खोलगट असते. अशी रचना हयात माशांत फारच विरळ आहे, आणि म्हणूनच तिला पाहून ‘सरपटणारा प्राणी’ असा शिक्का मारला जातो. सापाच्या मणक्यात हेच उलटे असते, म्हणजे पुढे खोलगट आणि मागे फुगीर. पण सुट्या मणक्याचे पुढचे टोक कोणते, हे आधी ठरवावे लागते, आणि वरची कमान तुटलेली असेल तर तेही अवघड जाते. छायाचित्रातील मणक्याची कमान दिसत नाही. त्यामुळे तो माशाचा आहे असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तो खवल्यांबरोबर एकाच जागी सापडला असेल तर शक्यता वाढते, इतकेच.

आता त्या ‘दाता’कडे वळतो, कारण सगळी गंमत तेथे आहे. छायाचित्रात तो वरून दिसतो: रुंदीला जास्त, लांबीला कमी, वरचा पृष्ठभाग सपाट आणि गुळगुळीत, कडा साधारण षटकोनी. मांसाहारी डायनासोरचा दात सुरीसारखा, कडेला करवतीसारखे बारीक दाते असलेला. शाकाहारी टायटॅनोसॉरचा दात पेन्सिलीसारखा. फरशीसारखा सपाट दात यांपैकी कोणाचाच नाही. कोकणातल्या वाचकांना अशा दाताचा मालक चटकन आठवेल. रत्नागिरी-मालवणच्या मासळीबाजारात येणाऱ्या काही पाकटांचे, विशेषतः पंखासारख्या परांनी उडल्यासारखे पोहणाऱ्या ईगल रे जातीच्या पाकटांचे, दात एकमेकांना जोडून जबड्यावर अक्षरशः फरसबंदी घालतात. शिंपले आणि खेकडे भरडण्यासाठी ती असते. मी एकदा बाजारातून असा जबडा मागून आणला, उकळून स्वच्छ केला आणि वाळवला. घरात आठवडाभर वास राहिला आणि सौभाग्यवतींनी त्याबद्दल अजून क्षमा केलेली नाही. परंतु त्या जबड्याने मला जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. जुन्या हाडाची ओळख ताज्या प्राण्याशी ताडून पटवायची ही रीत जुनीच आहे. १६६६ साली इटलीच्या किनाऱ्यावर पकडलेल्या एका प्रचंड मुशीचे डोके फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो यांच्याकडे आले. त्यांनी ते फाडून पाहिले आणि लोक ज्यांना ‘जिभेचे दगड’ म्हणत, ते मुशीचेच दात आहेत हे १६६७ साली छापून सांगितले.

मुशी आणि पाकट यांचा सांगाडा कूर्चेचा असतो व तो बहुधा कुजून जातो. दात मात्र जन्मभर गळत राहतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. म्हणून एकच प्राणी असंख्य दात मागे ठेवतो, आणि पाकटाचा जीवाश्म म्हणजे व्यवहारात पाकटाचा दात, क्वचित शेपटीवरचा काटा, क्वचित कातडीतील एखादा खडा. काटा ओळखायला सोपा आहे, कारण त्याच्या दोन्ही कडांना मागे वळलेले दाते असतात. पण दाताची ओळख वरून होत नाही, खालून होते. वरचा पृष्ठभाग खाऊन-खाऊन झिजतो. मुळाची घडण झिजत नाही. ईगल रेच्या गटातल्या दाताचे मूळ फणीसारखे असते, म्हणजे त्यावर समांतर खाचांची रांगच असते. ऱ्हॉम्बोडस या लुप्त पाकटाच्या दाताला मुळात एकच ठळक खाच असते आणि तिने मुळाचे दोन भाग होतात. छापलेल्या छायाचित्रात मुळाची बाजू नाही. त्यामुळे माझे ‘बहुधा’ तेथेच थांबते.

ही दोन नावे मी उगाच घेतलेली नाहीत. चंद्रपूरची हद्द ओलांडली की तेलंगणातले आसिफाबाद लागते. तेथे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळातून, भूशास्त्रज्ञ ज्याला आंतरट्रॅपी म्हणतात त्या थरातून, जी. व्ही. आर. प्रसाद आणि फ्रान्सचे आंरी कापेत्ता यांनी पाकटांचे दात वेगळे काढले आणि १९९३ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी एका जातीला त्यांनी इग्डाबॅटिस इंडिकस हे नाव दिले. इग्डाबॅटिस ही प्रजाती त्यापूर्वी पश्चिम आफ्रिकेतील नायजर देशातून माहीत झाली होती. त्याच संचात ऱ्हॉम्बोडसही होता. हे प्राणी क्रिटेशस काळाच्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, अखेरीला होते, त्यानंतरच्या काळात ते सापडत नाहीत. म्हणून ज्या गाळात त्यांचे दात सापडतात तो गाळ, आणि पर्यायाने त्याखालचा लाव्हा, डायनासोरांच्या अंतापूर्वीचा ठरतो. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे वय किती, या मोठ्या वादात मिलिमीटरांत मोजायच्या दातांची साक्ष काढली गेली ती अशी. तुलना करायची तर डायनासोरचे एखादे मोठे हाड एवढी नेमकी साक्ष देऊ शकले नसते.

येथे वाचक विचारतील की पाकट तर समुद्रातला, मग आसिफाबादेस समुद्र होता काय? आज तेथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. काहींच्या मते त्या काळी समुद्राचा एक हात मध्य भारतात शिरला होता. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिली येथील आंतरट्रॅपी थरात समुद्री सूक्ष्मजीवांचे कवच सापडल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाल्यावर या मताला जोर आला. उलट बाजूने असे सांगता येते की गंगेत आजही पाकट सापडतो आणि नद्यांच्या गोड्या पाण्यात राहणारे पाकट इतर खंडांतही आहेत. शिवाय याच प्रकारच्या थरांत गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख खच्चून भरलेले असतात. म्हणजे केवळ पाकटाचा दात मिळाला म्हणून ‘येथे समुद्र होता’ अशी बातमी देणे घाईचे ठरेल. तो दात कोणत्या थरातून, कोणाच्या सोबतीने निघाला, हे ठाऊक असेल तरच त्याला वादात बोलण्याचा अधिकार मिळतो.

नाव देण्याची घाई हा हौशी संग्राहकांचा दोष मानला जातो, पण त्यात तज्ज्ञही मागे नाहीत. वरोऱ्याजवळच्या डोंगरगाव येथील लॅमेटा थरातील (लाव्ह्याखालच्या गाळाला हे नाव आहे) माशांचे वर्णन लंडनचे आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ साली केले. गारचा नातलग लेपिसॉस्टियस इंडिकस, घेवड्याच्या दाण्यासारखे दात असलेला पिक्नोडस लॅमेटी आणि इओसेरॅनस हिस्लोपी ही नावे तेव्हाची. वुडवर्ड हे जीवाश्म माशांचे त्या काळचे श्रेष्ठ जाणकार होते, आणि तरीही त्यांचे नमुने पुढील शतकात पुन्हा पुन्हा तपासले गेले. याच वुडवर्ड यांनी १९१२ साली चार्ल्स डॉसन या हौशी संग्राहकाने आणलेल्या इंग्लंडमधील पिल्टडाऊनच्या ‘आदिमानवाच्या’ कवटीवर विश्वास ठेवला. ती कवटी माणसाची आणि जबडा वानराचा आहे, ही लबाडी उघड व्हायला १९५३ साल उजाडले. हा दाखला मी हौशी लोकांवर संशय घेण्यासाठी देत नाही. वस्तू कोठून निघाली याचे दुसरे कोणी साक्षीदार नसतील, तर जगातला पहिल्या प्रतीचा तज्ज्ञही हतबल होतो, एवढाच त्याचा अर्थ. उलट, प्रामाणिकपणे जपलेला नमुना चूकही दुरुस्त करू शकतो. गुजरातमधील धोली डुंगरी येथील डायनासोरच्या घरट्याचे वर्णन १९८७ साली झाले, तेव्हा त्यातील सगळी हाडे पिल्लाची मानली गेली. तोच दगड पुन्हा न्याहाळल्यावर त्यात साप दिसला आणि २०१० साली सनाजे इंडिकस हे त्याचे नाव जाहीर झाले.

आणि हौशी म्हणजे तरी कोण? विदर्भाच्या जीवाश्मांच्या आद्य अभ्यासकांपैकी एक असलेले स्टीफन हिस्लॉप पेशाने मिशनरी होते. नागपुरात शाळा चालवता चालवता ते टाकळी, मांगली, पिसदुरा येथून दगड गोळा करत आणि इंग्लंडला पाठवत. तेथे वनस्पती एकाकडे, कीटक दुसऱ्याकडे, कवचे तिसऱ्याकडे अशी वाटणी होई आणि प्रत्येक जाणकार आपापल्या विषयापुरते लिही. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटचे उत्खनन पाहून परतताना ते पुरात बुडून गेले. डोंगरगावच्या एका माशाच्या नावात वुडवर्ड यांनी जो ‘हिस्लोपी’ शब्द घातला, तो त्यांच्याच नावावरून. सिरोंच्याजवळ प्राणहितेकाठच्या कोटा येथील चुनखडीतला मासा १८५१ साली लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीपुढे मांडणारे कर्नल साइक्स हे लष्करी अधिकारी होते, आणि त्याला लेपिडोटस डेक्कनेन्सिस हे नाव देणारे सर फिलिप एगर्टन हे संसदेचे सदस्य व स्वतःच्या खर्चाने मासे जमवणारे जमीनदार होते. याच साइक्स यांनी भीमा व मुळा-मुठा खोऱ्यातील जिवंत माशांचीही यादी केली होती आणि शास्त्रीय नावे देताना भोयांच्या तोंडची नावे उचलली होती. टॉर खुद्री, फुलंगी आणि कोळस ही नावे आजही जगभरच्या ग्रंथांत तशीच आहेत. मला यात विशेष हे वाटते की साइक्स यांनी मासा पकडणाऱ्याला विचारले. आज आपण दगड शोधणाऱ्याला विचारत नाही. त्याच्या हातातली वस्तू पाहतो आणि मोठ्यात मोठे नाव देऊन मोकळे होतो.

माझा स्वतःचा अपराधही सांगितला पाहिजे. मी निवृत्त भूगोल शिक्षक आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांबरोबर सहलीला गेलो असताना मला गारचे अकरा खवले आणि जबड्याचा एक तुकडा मिळाला. मी ते घरी आणून फरशी धुण्याच्या ॲसिडात बुडवले, कारण चुन्याचा थर निघाला की ते सुंदर दिसतील असे वाटले. चुना निघाला, आणि त्याबरोबर जबडाही भुगा झाला. खवल्यांवर मी चकाकीसाठी वार्निश लावले. चिठ्ठी लिहिली नाही. जागा लक्षात राहील अशी खात्री होती. आज ते खवले माझ्या कपाटात आहेत आणि ते पिसदुऱ्याच्या रस्त्यावरचे की डोंगरगावच्या नाल्यातले, हे मला शपथेवर सांगता येणार नाही. एका विद्यापीठातील प्राध्यापकांना ते दाखवले तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन कौतुक केले आणि परत दिले. ते ठेवून का घेतले नाहीत, हे मला त्या वेळी कळले नव्हते.

म्हणून त्या तरुणाला आणि त्याच्यासारख्या इतरांना माझी विनंती आहे की त्यांनी ॲसिड, वार्निश, फेव्हिक्विक आणि दाढीचे ब्रश यांपासून आपले दगड दूर ठेवावेत. रंगकामाचा मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरते. तज्ज्ञ ज्या वेळी सौम्य ॲसिटिक आम्ल वापरतात, त्या वेळी त्यांना थांबायचे केव्हा हे ठाऊक असते. सुटा सापडलेला तुकडा डबीत ठेवावा आणि त्याच दिवशी चिठ्ठी लिहावी: गाव, नाला किंवा गट क्रमांक, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, दगडाचा रंग व पोत, तुकडा थरात रुतलेला होता की पावसाने वाहून आलेला, आणि शेजारी आणखी काय होते. शेजाऱ्यांची नोंद विशेष महत्त्वाची आहे. गोगलगायींचे शंख असलेला गारगोटीसारखा कठीण दगड आंतरट्रॅपी सुचवतो. हिरवी-तांबडी माती आणि विष्ठेचे जीवाश्म लॅमेटा सुचवतात. (पिसदुऱ्याच्या त्या शेणगोळ्यांना कोणी कपाटात जागा देत नाही, पण त्यांच्यातच डायनासोर गवत खात होते याचा पुरावा मिळाला आणि २००५ साली तो जगभर गाजला.) नाल्याच्या वाळूत कालपरवाच्या माशांची हाडेही मिसळलेली असतात, हे विसरू नये. आणि माशाच्या आकाराचा दगड दिसला तर तो बहुतेक वेळा नुसता दगडच असतो. खरा जीवाश्म मासा सहसा माशासारखा दिसत नाही. तो ताटलीतल्या तुकड्यांसारखा दिसतो.

आपल्या दैनिकाकडूनही थोडी अपेक्षा आहे. बातमीत ‘डायनासोर’ हा शब्द आला की दुसऱ्या दिवशी त्या वावरात गर्दी होते, थर उकरले जातात आणि जे शिकण्यासारखे होते ते पायदळी जाते. म्हणून गावाचे नेमके ठिकाण छापू नये, आणि ओळख कोणी व कशावरून पटवली हे एका वाक्यात जरूर छापावे. ‘माशाचा हाडाचा खवला, गारच्या गटातील असावा’ असे लिहिण्याने बातमी लहान होत नाही.

याहून मोठी अडचण संस्थांची आहे. नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय आहे, विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे, १८६३ साली स्थापन झालेले ‘अजब बंगला’ हे संग्रहालय आहे. तरीही खेड्यातील मुलाने डबी घेऊन कोणत्या दारावर जावे, हे त्याला कोणी सांगत नाही. त्यातच ‘सरकार जप्त करील’ ही भीती. जीवाश्मांच्या मालकीविषयीचा कायदाही अजून धूसर आहे. भूवारसा स्थळांच्या संरक्षणासाठी केंद्राने २०२२ च्या डिसेंबरात विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला होता, परंतु त्यावर मराठी वृत्तपत्रांत फारशी चर्चा झाली नाही. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात सामान्य माणसाने आणलेल्या वस्तूची ओळख पटवून देण्यासाठी २००९ साली स्वतंत्र केंद्र सुरू झाले. तेवढे नको, पण महिन्यातून एक शनिवार, एक टेबल, एक भिंग आणि ‘वस्तू तुमच्याकडेच राहील, नोंद आमच्याकडे राहील’ अशी पाटी, एवढे नागपूर किंवा चंद्रपुरात करणे कोणत्याही संस्थेच्या आवाक्यातले आहे. अशा टेबलाशी बसायला माझ्यासारखे दोन-चार निवृत्त लोक विनामोबदला येतील, आणि जे आम्हाला ओळखता येणार नाही ते पुढे पाठवता येईल.

तूर्त एवढेच करता येईल का पाहावे. त्या तरुणाचा पत्ता आपल्या वार्ताहराकडे असेलच. त्याला कळवावे की तो सपाट दात उलटा करून, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून, सकाळच्या तिरप्या उन्हात, फिल्टर न लावता त्याचे छायाचित्र काढावे आणि आपल्याकडे पाठवावे. मुळावर एकच खाच आहे की फणीसारख्या अनेक, हे दिसले म्हणजे माझे ‘बहुधा’ काढून टाकता येईल किंवा माझी चूक मला कळेल. आणि दोन्हींपैकी काहीही झाले तरी ते याच स्तंभात लिहून पाठवण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
ता. वरोरा, जि. चंद्रपूर